गोष्टीच्या पोटातली गोष्ट

जलक्रीडा चालली असताना राणीने राजाला विनवले, 'मोदकैः'. शब्दाची फोड करा: मा उदकैः, पाणी उडवू नका. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजाला ही संधी काही कळली नाही. त्याने मोदक मागवले. राणी हसली आणि राजाने शरमेने अंथरूण धरले.

मग त्याला संस्कृत शिकवण्यावरून दरबारातल्या दोन मंत्र्यांत पैज लागली. गुणाढ्याने सहा वर्षे मागितली, शर्ववर्म्याने सहाच महिने. गुणाढ्य हरला; पैजेपायी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांना मुकला. हाती उरली पैशाची. तीत त्याने सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली, तीही स्वतःच्या रक्ताने. राजाने ती झिडकारली. तेव्हा गुणाढ्य अरण्यात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. चरणे विसरून जनावरे ऐकत राहिली, रोडावली. मुदपाकखान्यात येणारे मांस सुके पडू लागले, राजा आजारी पडला. चौकशी होईतो सहा लक्ष श्लोक जळून गेले होते.

ही सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितलेली दंतकथा. मूळ पैशाची ग्रंथ आज नाही. पण अकराव्या शतकात काश्मीरची राणी सूर्यमती हिच्यासाठी सोमदेवाने रचलेल्या या ग्रंथात कथेच्या पोटी कथा घालण्याचे तंत्र पुरते मुरलेले दिसते. शिव पार्वतीला गोष्ट सांगतो, गण पुष्पदंत ती चोरून ऐकतो, शाप भोगताना काणभूतीला सांगतो, काणभूती गुणाढ्याला. इथे गोष्ट ऐकण्याची किंमत मोजावी लागते आणि शाप सुटतो तोही गोष्ट सांगूनच. बाहेरची कथा म्हणजे आतल्या कथांना गुंडाळलेले फडके नव्हे. धोका तिथेच असतो.

याच ग्रंथातल्या वेताळाच्या पंचवीस कथांत हे सर्वांत लख्ख दिसते. पुढे 'चांदोबा' मासिकाने घरोघरी नेलेला विक्रम इथे त्रिविक्रमसेन आहे. खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ. उत्तर ठाऊक असून गप्प राहिले तर डोके फुटणार. तोंड उघडले तर वेताळ परत झाडावर. राजाचे शहाणपणच त्याला पुन्हापुन्हा मागे फिरवते.

तेवीस वेळा असे होते. चोविसाव्या गोष्टीत बाप एका मुलीशी आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी लग्न करतो. वेताळ विचारतो, या दोन जोडप्यांची मुले एकमेकांची कोण? राजाला उत्तर सुचत नाही. तो मुकाट चालत राहतो आणि पहिल्यांदाच खांद्यावरचे ओझे हलके होत नाही.