आयझेनहॉवरांचे मंत्रिमंडळ आणि सिनेटर टाफ्ट

निवडणूक जिंकणे आणि जिंकलेली सत्ता वाटून देणे ही दोन कामे भिन्न आहेत. पहिल्या कामात पक्ष एकत्र येतो. दुसऱ्यात तो पुष्कळदा दुभंगतो. नोव्हेंबर १९५२ मध्ये अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षास वीस वर्षांच्या वनवासानंतर अध्यक्षपद लाभले. जनरल आयझेनहॉवर ४४२ विरुद्ध ८९ अशा निर्वाचक मतांनी विजयी झाले. पण महिना पुरा होण्याच्या आतच त्या पक्षातील पुराणमतवाद्यांचे अग्रणी सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी नियोजित अध्यक्षांच्या एका निवडीवर जाहीर टीका केली. ही निवड परराष्ट्रमंत्र्याची नव्हती, की संरक्षणमंत्र्याची नव्हती. ती मजूरमंत्र्याची होती. एका दुय्यम खात्यावरून एवढा क्षोभ का व्हावा, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. पुराणमतवादी म्हटले की आपल्याकडे शास्त्र आणि रूढी यांना धरून बसलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत त्या काळी या शब्दाचा रोख मुख्यतः राज्यकारभाराकडे होता. केंद्र सरकारचा पसारा आटोपशीर असावा, कर हलके असावेत, घटक राज्यांचे अधिकार अबाधित राहावेत, परदेशांतील जबाबदाऱ्या बेताने पत्कराव्यात, हे त्या पंथाचे सार. १९३३ पासून रूझवेल्ट यांनी सरकारचा जो विस्तार आरंभिला, त्यास टाफ्ट यांनी सातत्याने विरोध केला. माजी अध्यक्षांचे हे पुत्र विद्वान व सचोटीचे म्हणून ख्यात होते; परंतु १९४०, १९४८ आणि १९५२ अशी तीन वेळा पक्षाची उमेदवारी त्यांना हुलकावणी देऊन गेली. शेवटच्या वेळी ती आयझेनहॉवर यांनीच मिळविली.

हा सल मनात असतानाही १२ सप्टेंबर १९५२ रोजी टाफ्ट न्यूयॉर्क येथे आयझेनहॉवर यांच्या निवासस्थानी गेले आणि त्यांनी प्रचारात साह्य करण्याचे मान्य केले. सरकारी खर्चाला आळा घालावा आणि नेमणुका करताना आपल्या अनुयायांना डावलू नये, या त्यांच्या अपेक्षा होत्या. पुढील नाराजीचे मूळ या भेटीत आहे.

येथे अमेरिकन राज्यघटनेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. तेथील मंत्री विधिमंडळाचा सभासद असू शकत नाही. अध्यक्षाने नाव सुचवावे आणि सिनेटने त्यास संमती द्यावी, अशी रीत आहे. त्यामुळे सिनेटमधील पक्षनेता कितीही थोर असला, तरी मंत्री निवडण्यात त्याचा हक्काचा वाटा नसतो. आयझेनहॉवर यांनी ही निवड मुख्यतः जनरल लुशियस क्ले आणि हर्बर्ट ब्राउनेल या दोन विश्वासू सहकाऱ्यांच्या सल्ल्याने केली. परराष्ट्र खाते डलेस यांच्याकडे, अर्थखाते जॉर्ज हम्फ्री या उद्योगपतीकडे, संरक्षण जनरल मोटर्सचे प्रमुख चार्ल्स विल्सन यांच्याकडे गेले. शेतीखात्यावर आलेले एझ्रा टाफ्ट बेन्सन हे मात्र टाफ्ट यांना अनुकूल असलेले गृहस्थ होते.

मजूरखात्यासाठी नाव आले मार्टिन डर्किन यांचे. नळकारागिरांच्या संघाचे ते अध्यक्ष, पक्षाने डेमोक्रॅट, निवडणुकीत त्यांनी स्टीव्हन्सन यांचा पुरस्कार केला होता. कामगार संघटनांच्या अधिकारांना मुरड घालणारा १९४७ चा टाफ्ट-हार्टले कायदा त्यांना नको होता. अध्यक्ष ट्रूमन यांचा नकार ओलांडून संमत झालेला हा कायदा म्हणजे टाफ्ट यांच्या आयुष्यातील मोठे कार्य. तेव्हा त्यांनी ही निवड अविश्वसनीय ठरविली. आपल्या पुढाऱ्यांचा आदेश झुगारून ज्या कामगारांनी आयझेनहॉवर यांना मते दिली, त्यांचा हा उपमर्द आहे, असेही त्यांनी बजावले. धनिकांनी भरलेल्या मंत्रिमंडळात कामगारांचा एक आवाज असावा, हा अध्यक्षांचा हेतू वाईट नव्हता. 'न्यू रिपब्लिक' साप्ताहिकाने मात्र आठ लक्षाधीश आणि एक नळकारागीर अशी त्याची थट्टा केली.

टाफ्ट यांच्या टीकेत दुखावलेला अभिमान नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. पण केवळ अभिमानच होता, असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. कायदा अपुरा असेल, तर तो सुधारावा, हे त्यांना मान्य होते. १९४९ साली स्वतः त्यांनीच दुरुस्त्यांचा पुरस्कार केला होता. ज्यास कायदाच अमान्य, त्याच्या हाती त्या कायद्याशी निगडित खाते द्यावे काय, हा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नास अध्यक्षांकडे सरळ उत्तर नव्हते.

विरोध नोंदविल्यावर टाफ्ट यांनी वाट अडविली नाही. १९५३ च्या आरंभी सिनेटमध्ये रिपब्लिकन ४८, डेमोक्रॅट ४७ आणि एक स्वतंत्र, असे नाजूक बळ होते. बहुमताचे नेते म्हणून टाफ्ट यांनी अध्यक्षांची बाजू सांभाळली. मार्च महिन्यात चार्ल्स बोलेन यांना मॉस्कोत राजदूत नेमण्याचा प्रश्न आला. बोलेन हे १९४५ च्या याल्टा परिषदेत दुभाषी होते, म्हणून मॅकार्थी आदी मंडळींनी गहजब केला. टाफ्ट यांनी चौकशीच्या कागदांचा सारांश स्वतः पाहिला, आक्षेपार्ह काही नसल्याची ग्वाही दिली, आणि ७४ विरुद्ध १३ मतांनी संमती मिळाली. अशी नावे पुन्हा पाठवू नका, एवढा निरोप मात्र त्यांनी अध्यक्षांस खाजगी रीतीने धाडला.

शेवट दोघांच्याही दृष्टीने दुःखद झाला. डर्किन यांनी कायद्यातील १९ दुरुस्त्यांसाठी खटपट केली. त्यांचा मसुदाही तयार झाला; परंतु ३१ जुलै १९५३ रोजी टाफ्ट कर्करोगाने निवर्तले, मसुदा वृत्तपत्रांत फुटला, आणि सरकारने पाऊल मागे घेतले. अध्यक्षांनी दिलेले वचन मोडले, अशी डर्किन यांची भावना झाली. असे वचन दिलेच नव्हते, असे अध्यक्षांचे म्हणणे. सप्टेंबरात डर्किन यांनी राजीनामा दिला. मंत्रिपद त्यांनी जेमतेम आठ महिने भूषविले.

आपल्या वाचकांस येथे डॉ. आंबेडकरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. काँग्रेसबाहेरचे असून ते १९४७ च्या मंत्रिमंडळात आले, आणि हिंदू संहिता विधेयक रखडल्याच्या वेदनेने १९५१ मध्ये बाहेर पडले. त्यांचे कर्तृत्व आणि त्या प्रश्नाची व्याप्ती यांची डर्किन प्रकरणाशी तुलना होणार नाही. तथापि एक धागा समान आहे. प्रतिपक्षातील मनुष्यास आसन देणे हे औदार्य खरे; पण ज्या कार्यासाठी तो आला, ते कार्य करण्याची मोकळीक आसनाबरोबर न दिली, तर ते औदार्य त्याच्याच माथी अपयश मारते. टाफ्ट यांचा आक्षेप आपल्या पक्षाच्या मानापमानासाठी होता. परंतु त्या नेमणुकीचा सर्वांत मोठा घाव अखेर डर्किन यांनाच सोसावा लागला, असे आम्हांस वाटते.