माधवराव सप्रे आणि उपदेशकाचा अधिकार

मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या शिक्षणाच्या पायाशी होत्या. श्रोत्यास शिकवावे, रिझवावे व कृतीस प्रवृत्त करावे, हे सिसेरोचे सूत्र संत ऑगस्टीनने त्याआधीच ख्रिस्ती उपदेशकांसाठी स्वीकारले होते. परंतु शब्दवैभवापेक्षा वक्त्याच्या आचरणाचे वजन अधिक, असेही त्याने बजावले होते. हाच निकष रायपूरच्या माधवराव सप्रे यांच्या वाट्याला फार कठोरपणे आला.

मराठीभाषक सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’. टिळकांचा युक्तिवाद हिंदी वाचकांपर्यंत नेणारे हे साप्ताहिक. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. कुटुंबाच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्रावर सही केली. सुटका झाली, पण इतरांस निर्भयतेचा उपदेश करणाऱ्या लेखणीमागे आता आचरणाची साक्ष उरली नव्हती.

पुढे त्यांनी रामदासांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. पहिला गुरुशिष्यसंवाद, दुसरा पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन करणारा. दोन्ही मन वळविण्याच्या कलेचे थोर नमुने. यास निव्वळ प्रायश्चित्त म्हणणे अपुरे होईल. स्वतःच्या शब्दास जो अधिकार उरला नाही, तो येथे दुसऱ्याच्या शब्दातून मिळविलेला आहे. त्याच १९०८ साली शिक्षा पत्करून मंडालेस गेलेल्या टिळकांनी तेथे लिहिलेला कर्मयोग माफी मागून सुटलेला अनुवादक हिंदीत उतरवीत होता.

१९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्रे यांना लाभले. १९२६ मध्ये रायपुरात त्यांचे निधन झाले.