धातूंची काच: दशलक्ष अंशांपासून एका अंशापर्यंत

वितळलेला धातू थिजताना त्याचे अणू ठरावीक अंतरांवर आणि ठरावीक कोनांत, पुन्हा पुन्हा तशाच येणाऱ्या जाळीत बसतात. या मांडणीला स्फटिकरचना म्हणतात. लोखंड, तांबे किंवा सोने नेहमीच्या ओतकामात थिजले की स्फटिकरूपच घेते, आणि डोळ्यांना एकजिनसी दिसणाऱ्या पितळेच्या भांड्यातही असंख्य सूक्ष्म स्फटिककण एकमेकांना चिकटलेले असतात. वाळूपासून केलेल्या काचेचा रस मात्र थंड होताना क्रमाक्रमाने घट्ट होत जातो आणि अणूंना जाळीत बसायला सवड मिळण्याआधीच, द्रवातली विस्कळीत मांडणी तशीच सांभाळून, कडक होतो. ज्या तापमानाला हे घडते त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. धातूंच्या बाबतीत असे काही शक्य आहे, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फार थोड्या अभ्यासकांना वाटत होते, कारण वितळलेला धातू जवळजवळ पाण्याइतकाच पातळ असतो आणि त्यातील सुटे, चपळ अणू क्षणार्धात स्फटिकात रचले जातात. ही अडचण कशी ओलांडली गेली याचा इतिहास मुख्यतः थंड करण्याच्या वेगाचा इतिहास आहे. त्यातील सर्वांत मोठी झेप मात्र यंत्रे अधिक वेगवान करून नव्हे, तर मिश्रणातले घटक बदलून घेतली गेली.

या इतिहासाची पूर्वपीठिका अमेरिकेतील डेव्हिड टर्नबुल यांच्या प्रयोगांत आहे. द्रव धातू गोठणबिंदूच्या खाली द्रवरूपातच किती काळ टिकू शकतो, हा त्यांचा प्रश्न होता. धातूचा साठा मोठा असला की त्यातली एखादी अशुद्धी पहिल्या स्फटिककेंद्राला आधार देते आणि सगळा साठा गोठतो, म्हणून त्यांनी धातूचे अतिशय बारीक थेंब केले, म्हणजे बहुतेक थेंबांत अशुद्धीचा कण उरणारच नाही. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवले की तांब्याचे असे थेंब गोठणबिंदूच्या सुमारे २३६ अंश खालपर्यंत द्रव राहू शकतात. द्रव धातू स्फटिक होण्याला इतका विरोध का करतो, याचे उत्तर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रँक यांनी १९५२ मध्ये सुचवले: द्रवात एका अणूभोवती बारा अणू वीस त्रिकोणी पृष्ठांच्या आकृतीत जमणे ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचे असते, परंतु या आकृतीची पंचकोनी सममिती अवकाशात सलग जाळी विणू देत नाही, त्यामुळे स्फटिक व्हायचे तर आधी ही जमलेली घडी मोडावी लागते. धातूंचे अस्फटिकी थर तोवर कोणी पाहिलेच नव्हते असे नाही. विद्युत्‌विलेपनाने मिळालेले निकेल-फॉस्फरसचे लेप आणि अतिशीत पृष्ठावर बाष्प साचवून मिळालेले पातळ थर ज्ञात होते. परंतु वितळलेल्या धातूच्या रसापासून थेट काच मिळवणे ही निराळी गोष्ट होती.

ती गोष्ट पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅलटेकमध्ये घडली, आणि काच शोधण्याचा हेतू नसताना घडली, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. बेल्जियममध्ये जन्मलेले धातुशास्त्रज्ञ पॉल डुवेझ यांना चांदी आणि तांबे यांच्या वागण्यातली एक विसंगती छळत होती. दोहोंची स्फटिकरचना एकच आणि रासायनिक स्वभावही जवळचा, म्हणून ती एकमेकांत कोणत्याही प्रमाणात विरघळावीत असा सैद्धांतिक अंदाज होता. सोने आणि चांदी किंवा सोने आणि तांबे यांच्याबाबत तो खराही ठरत होता, पण चांदी-तांबे मिश्रण थिजताना फुटून दोन वेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत वाटले जात असे. रस इतक्या झपाट्याने थंड केला की अणूंना वेगळे व्हायला वेळच मिळणार नाही, तर एकच घनद्रावण मिळेल, असा डुवेझ यांचा तर्क होता. त्यासाठी त्यांनी एक ‘बंदूक’ तयार केली. तिच्यात वितळलेल्या मिश्रधातूचा छोटा थेंब दाबाखालील वायूच्या आघात-तरंगाने तांब्याच्या पृष्ठावर फेकला जाई. तेथे तो पापुद्र्यासारखा पसरे आणि तांबे त्याची उष्णता ओढून घेई. थंड होण्याचा वेग सेकंदाला सुमारे दशलक्ष अंश इतका होता. चांदी-तांब्याचा तर्क खरा ठरल्यावर याच साधनाने सोने आणि सिलिकॉन यांचे मिश्रण तपासले गेले. सोने १०६४ अंश सेल्सियसला आणि सिलिकॉन १४१४ अंशांना वितळते, परंतु योग्य प्रमाणात एकत्र आल्यावर त्यांचे मिश्रण सुमारे ३६३ अंशांनाच वितळते. घटकांच्या विशिष्ट प्रमाणाला येणाऱ्या या नीचतम वितळणबिंदूला युटेक्टिक बिंदू म्हणतात.

दर १०० अणूंत २५ अणू सिलिकॉनचे असलेल्या मिश्रणाच्या पापुद्र्यावर क्ष-किरण सोडले, तेव्हा स्फटिकाची खूण असलेल्या रेखीव रेषांऐवजी द्रवाकडून मिळते तशी रुंद, पुसट वलये उमटली. विल्यम क्लेमेंट, रोनाल्ड विलेन्स आणि डुवेझ यांचा हा छोटा निबंध १९६० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. ही काच टिकाऊ नव्हती, खोलीच्या तापमानालाच तिचे थोड्या अवधीत स्फटिकीकरण होऊ लागे, आणि तिचा तुकडा म्हणजे काही मायक्रोमीटर जाडीचा पापुद्रा होता; तरीही वितळलेल्या धातूचा रस काचरूप घेऊ शकतो हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

युटेक्टिक बिंदूचे महत्त्व टर्नबुल यांनी लगेच ओळखले. वितळणबिंदू जितका खाली आणि काच-संक्रमण तापमान जितके वर, तितका त्या दोहोंमधला धोक्याचा पट्टा अरुंद, आणि अणूंना स्फटिक होण्याची संधी त्या पट्ट्यातच मिळत असल्याने तो अरुंद असणे काचेच्या पथ्यावर पडते. केवल मापनात या दोन तापमानांचे गुणोत्तर दोन तृतीयांशाच्या जवळ गेले, तर स्फटिककेंद्रे तयार होण्याचा वेग इतका मंदावेल की काच सहज मिळेल, असे त्यांनी मांडले. संशोधकांना घटकांची जुळवणी करण्याची दिशा यातून मिळाली. असे असले तरी पुढची दोन दशके उद्योगांचे लक्ष वेगाकडेच राहिले. झपाट्याने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर रसाची धार सोडून वीस-तीस मायक्रोमीटर जाडीची सलग फीत काढण्याची पद्धत सत्तरच्या दशकात रुळली. लोह आणि बोरॉन यांवर आधारलेल्या फितींत चुंबकत्व दिशा बदलताना फार थोडी ऊर्जा वाया जाते, कारण चुंबकीय क्षेत्रांच्या सीमा अडवणाऱ्या स्फटिककणांच्या कडा तेथे नसतात. त्यामुळे वीजवितरणाच्या रोहित्रांचा गाभा या फितींचा केला की बिनभाराचा ऊर्जाऱ्हास बराच घटतो, आणि अशी रोहित्रे भारतातही बसवली गेली. संशोधनातही भारत मागे नव्हता: बनारस हिंदू विद्यापीठातील टी. आर. अनंतरामन आणि सी. सूर्यनारायण यांनी या क्षेत्राच्या पहिल्या दशकाचा साकल्याने घेतलेला आढावा १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

फितीच्या यशामुळे जाडीचा प्रश्न झाकला गेला. जाड तुकड्याच्या आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून दशलक्ष अंशांचा वेग फक्त पातळ वस्तूलाच देता येतो. एच. एस. चेन यांनी १९७४ मध्ये बेल प्रयोगशाळेत पॅलॅडियमयुक्त तिहेरी मिश्रणांपासून काही मिलिमीटर जाडीच्या कांड्या सेकंदाला सुमारे हजार अंश वेगाने मिळवल्या होत्या. १९८४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात टर्नबुल यांच्या गटाने पॅलॅडियम, निकेल आणि फॉस्फरस यांचा रस बोरॉन ऑक्साइडच्या वितळलेल्या थरात वारंवार तापवून-निववून त्यातल्या अशुद्धी त्या थरात शोषून घेतल्या आणि एक सेंटिमीटर जाडीचा काचेचा गोळा मिळवला. बारीक थेंबांच्या जुन्या प्रयोगांचेच हे पुढचे पाऊल होते. पण पॅलॅडियमच्या किमतीमुळे हे काम अनेकांना प्रयोगशाळेतले नवल वाटले, आणि त्यातला बोध व्यापक व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली.

तो बोध जपानमधील सेंदाई येथे, तोहोकू विद्यापीठात, अकिहिसा इनोए यांच्या गटाने व्यवहारात आणला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लँथॅनम, ॲल्युमिनियम आणि निकेल यांच्या मिश्रणापासून साध्या ओतकामाने मिलिमीटरांच्या जाडीची काच मिळवली, आणि पाठोपाठ मॅग्नेशियमच्या व झिर्कोनियमच्या मिश्रणांनीही तेच केले. या अनुभवांतून इनोए यांनी तीन अटी मांडल्या: घटक निदान तीन असावेत, मुख्य घटकांच्या अणूंच्या आकारांत सुमारे बारा टक्क्यांहून अधिक फरक असावा, आणि घटकांचे एकमेकांत मिसळणे उष्णता बाहेर टाकणारे, म्हणजे परस्पर आकर्षणाचे असावे. लहान-मोठे अणू दाटीने बसतात, त्यांना हलायला जागा कमी मिळते, आणि स्फटिक व्हायचे तर अनेक जातींच्या अणूंना एकाच वेळी आपापली नेमकी जागा गाठावी लागते, जे त्या दाटीत जवळजवळ अशक्य होते. लवकरच हाच धागा कॅलटेकमध्ये डुवेझ यांचे विद्यार्थी विल्यम जॉन्सन यांनी पुढे नेला. १९९३ मध्ये अटाकन पेकर आणि जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टिटॅनियम, तांबे, निकेल आणि बेरिलियम या पाच घटकांचे ‘व्हिट्रेलॉय’ हे मिश्रण प्रसिद्ध केले. त्याला काच व्हायला सेकंदाला सुमारे एक अंशाचा वेग पुरतो, त्यामुळे कित्येक सेंटिमीटर जाडीचा तुकडाही नेहमीच्या साच्यात ओतता येतो. १९९७ मध्ये इनोए यांच्या गटाने पॅलॅडियम, तांबे, निकेल आणि फॉस्फरस यांची ७२ मिलिमीटर व्यासाची काच नोंदवली. सदतीस वर्षांत पापुद्र्याची कांडी झाली, आणि ही जाडी मुख्यतः घटकांच्या निवडीतून आली, ही बाब या सगळ्या कथेतील अत्यंत मोलाची आहे.

अशा काचेच्या आत अणू कसे बसलेले असतात, हे ठरवणे स्फटिकापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण एका कोपऱ्यावरून सगळ्या घराचा आराखडा काढण्याची सोय तेथे नाही. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात जे. डी. बर्नाल यांनी समान गोळे कसेही दाबून भरले तर ते जागेचा सुमारे ६४ टक्के भाग व्यापतात, असे दाखवले होते, तर स्फटिकातली सर्वांत दाट मांडणी ७४ टक्के व्यापते. हा नमुना आरंभी धातूकाचेलाही लावला गेला. परंतु प्रत्यक्ष काचेची घनता तिच्या स्फटिकरूपापेक्षा अगदी थोडीच कमी असते, म्हणून नुसत्या यादृच्छिक मांडणीचे उत्तर पुरेसे वाटेना. २००४ मध्ये डॅनियल मिरॅकल यांनी वेगळे चित्र मांडले: एका लहान अणूभोवती मोठ्या अणूंचे ठरावीक संख्येचे कवच बसते, आणि अशी पुंजकेवजा कवचे कडा वाटून घेत काही अंतरापर्यंत व्यवस्थित रचली जातात, त्यापलीकडे ही व्यवस्था विरून जाते. जवळच्या टप्प्यात सुव्यवस्था आणि दूरवर अव्यवस्था, हेच धातूकाचेच्या रचनेचे आजचे स्वरूप मानले जाते.

यांत्रिक गुण या रचनेतूनच येतात. स्फटिकी धातू बळ लावल्यावर वाकतो तो सगळे अणू एकदम सरकून नव्हे. त्याच्या जाळीत रेषेसारखे दोष असतात, त्यांना स्थानभ्रंश म्हणतात, आणि सतरंजीची सुरकुती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलल्यावर सगळी सतरंजी सरकावी, तसे ते थोड्या बळाने पुढे सरकतात. काचेत जाळीच नाही, म्हणून असा सोपा मार्गही नाही. अणूंना गटागटाने, मोठ्या बळाने, कर्तनाच्या दिशेला सरकावे लागते. त्यामुळे व्हिट्रेलॉय कायमचे विकृत होण्यापूर्वी सुमारे १,९०० मेगापास्कल ताण सहन करते, तर नेहमीचे मऊ पोलाद सुमारे २५० मेगापास्कलला नमते, आणि सुमारे दोन टक्क्यांपर्यंत ताणले तरी ते मूळ आकाराला परत येते, जे स्फटिकी धातूंना सहसा जमत नाही.

याच गुणात दोषही दडलेला आहे. काच एकदा नमली की सगळा बदल दहा-वीस नॅनोमीटर जाडीच्या अरुंद पट्ट्यांत एकवटतो. या कर्तनपट्ट्यातली मांडणी सैल आणि मऊ होत जाते, म्हणून पुढचा ताणही त्याच पट्ट्यात लोटला जातो, आणि ताणाखाली काच जवळजवळ कोणतीही पूर्वसूचना न देता तुटते. स्फटिकी धातू मात्र वाकता वाकता अधिक कठीण होत जातो. फ्रान्स स्पेपेन यांनी १९७७ मध्ये अणूंमधल्या मोकळ्या जागेच्या वाढीतून आणि अली आर्गन यांनी १९७९ मध्ये छोट्या अणुगटांच्या एकत्र हालचालीतून या वर्तनाचे सैद्धांतिक स्पष्टीकरण दिले. पट्ट्यातली उष्णता किती असते, हे २००६ मध्ये जॉन लेवांडोव्स्की आणि लिंडसे ग्रीअर यांनी पाहिले: झिर्कोनियमच्या काचेवर कथिलाचा पातळ थर देऊन ती मोडल्यावर कर्तनपट्ट्यालगतचे कथिल वितळलेले आढळले. कथिल २३२ अंशांना वितळते, यावरून क्षणभर त्या पट्ट्यात तापमान किती चढते याची कल्पना येते. कर्तनातून ही उष्णता कशी जमते आणि ती मऊपणाला किती कारणीभूत असते, हा आजही अभ्यासाचा विषय आहे.

या दोषावरचा उपाय पुन्हा मिश्रणाच्या घडणीत शोधला गेला. काचेच्या गाभ्यात मऊ स्फटिकी फांद्या वाढू दिल्या, तर धावता कर्तनपट्टा त्यांवर अडतो आणि ताण अनेक पट्ट्यांत वाटला जातो. २००८ मध्ये कॅलटेकच्या डग्लस हॉफमन आणि सहकाऱ्यांनी अशी काच ओढल्यावर तुटण्यापूर्वी चांगली लांबते, हे दाखवले. मात्र व्यवहारातला प्रसार आजही मर्यादितच आहे, कारण शुद्ध झिर्कोनियम महाग असते, प्राणवायूचा अंश रसात शिरला की स्फटिककेंद्रांना आधार मिळतो, आणि बेरिलियम विषारी असल्याने त्याचा वापर टाळावा लागतो. तरीही गोल्फच्या काठ्यांपासून छोट्या यांत्रिक भागांपर्यंत तिचा उपयोग झाला आहे. २००१ मध्ये निघालेल्या नासाच्या ‘जेनेसिस’ यानावर सौरवाऱ्याचे अणू धरून ठेवण्यासाठी बसवलेल्या फलकांत जाड धातूकाचेचाही फलक होता. स्फटिककणांच्या कडा नसल्याने तिचा पृष्ठभाग आम्लाने एकसारख्या थरांत विरघळतो, म्हणून २००४ मध्ये यान युटाहच्या वाळवंटात आदळल्यानंतरही झुरिकच्या प्रयोगशाळेत त्या फलकाचा एकेक थर विरघळवून आत अडकलेल्या निऑनचे प्रमाण खोलीनुसार मोजता आले.