बाटली आणि वाटी

पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. म्हसोबाचे दर्शन, नवस, घोंगड्यांची दुकाने हे सारे असतेच. पण शेतकऱ्याचे खरे लक्ष गुरांच्या बाजारावर. बैल घेणारा त्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि तरीही सांगितलेल्या किमतीला मान हलवीत नाही. हाच माणूस घरात पोराला ढाळ लागली की दवाखान्यात जातो आणि काही न विचारता म्हणतो, "डॉक्टर, एक बाटली लावा." शहरातले आपण तरी याहून वेगळे काय करतो? बैलाच्या बाबतीत इतका चिकित्सक असणारा गृहस्थ बाटलीपुढे इतका भाबडा का होतो, याचा इतिहास आम्हांला उद्बोधक वाटतो.

बाटलीची प्रतिष्ठा फुकटची नव्हे. जत्रा आणि पटकी यांचे नाते जुने. पटकीत मनुष्य जंतूंपेक्षा अंगातले पाणी आटल्याने मरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनी शिरेतून मिठाचे पाणी देऊन मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आणले, तेव्हापासून लोकांची श्रद्धा शिरेवर बसली. वस्तुतः साध्या सलाईनमध्ये असते काय? एक लिटर निर्जंतुक पाण्यात 9 ग्रॅम मीठ, एवढेच.

मग तेच पाणी तोंडाने का देऊ नये? नुसते मीठपाणी आतड्यांत नीट शोषले जात नाही. ग्लुकोज सोबत असेल तर मात्र आतडे मीठ ओढून घेते आणि मिठामागोमाग पाणीही जाते, हे 1960 नंतर स्पष्ट झाले. 1968 मध्ये डाक्क्यास नलिन आणि कॅश यांनी पटकीच्या रोग्यांवर त्याचा पडताळा घेतला. तरीही वैद्यकवर्ग साशंकच राहिला. शिक्षितांचा संशय हाही एक चिवट रोगच आहे!

तो 1971 मध्ये हटला, आणि तोही नाइलाजाने. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले होते. बनगावच्या रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर पडलेले. सलाईनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पिंपांतील पाण्यात मिसळले. पण पाजणार कोण? परिचारिका मूठभर. तेव्हा रोग्यांच्या आया, भाऊ, शेजारी यांच्याच हाती पेले देण्यात आले. सुमारे 30 टक्क्यांवर असलेले मृत्यू 4 टक्क्यांच्याही खाली आले. औषध स्वस्त होते हे खरेच. परंतु आमच्या मते खर्च वाचला तो उशाशी बसून तासन् तास पाजणाऱ्या नातेवाइकामुळे.

पुढे 1980 पासून दहा वर्षे बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या बायका घरोघर हिंडल्या. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढाच त्यांचा धडा. सव्वा कोटींच्या आसपास घरांत तो पोहोचला. शिकविणारीचा पगार मात्र ठरे शिकलेल्या बाईला धडा किती आठवतो यावर! आपल्याकडील किती शिक्षकांना हा करार मानवेल?

आपल्या घरांत अजूनही उलटी समजूत आढळते: जुलाब होताहेत तर पाणी तोडा. याच्यासारखी महाग समजूत दुसरी नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. मीठ वाढवू नये. सरकारी दवाखान्यात याची तयार पुडी मिळते, ती अधिक चांगली. कोकणातली मीठ घातलेली पेज हीसुद्धा याच तत्त्वावर काम करते, कारण तांदळाच्या पिठूळपणातून आतड्यांत ग्लुकोजच तयार होते. आजीला शास्त्र ठाऊक नसेल, पेज ठाऊक होती. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध तोडू नये. जस्ताच्या गोळ्या मुलांना 10 ते 14 दिवस द्याव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना 2004 पासून सांगत आहे.

मात्र मूल गुंगीत गेले, काही पोटात ठरेना, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर वाटी-चमचा घेऊन घरी बसू नये. जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे, म्हशाकडच्यांनी मुरबाडचे. आणि वाटेतही, शुद्ध असेल तोवर, घोटघोट पाजीतच जावे. तिथे बाटली लावली तर ती योग्य जागी लागलेली असेल.