महामार्ग मोकळा होता

या घटनाक्रमातलं जोडपं कल्पनेतलं आहे. रस्ता आणि नियम मात्र खरे.

तीन आठवडे आधी
वसईतल्या वालीवला गाळा चालवणारे काका आणि काकू मुलीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला निघालेत. कॅनडाचा व्हिसा पासपोर्टवर आलाय. मुंबई–फ्रँकफर्ट एका कंपनीचं आणि फ्रँकफर्ट–टोरांटो दुसरीचं, अशी दोन सुटी तिकिटं एकत्र तिकिटापेक्षा बरीच स्वस्त पडली. मध्ये पाच तास. पाच तासांत वसईहून सुरतला जाऊन चहा होतो, असा काकांचा हिशेब.

सकाळी ८:३० (उड्डाणाला १८ तास)
वजनकाटा बाहेर आला. बॅगेमागे २३ किलो. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट आणि वसईची सुकेळी. खोबऱ्याच्या वाट्या शेजारच्या मुलाने काढायला लावल्या. सुक्या खोबऱ्यात तेल असतं म्हणून ते ज्वलनशील धरतात आणि तपासणीत अडवतात. पोरगा हुशार. पॉवर बँकही त्याने हातातल्या पिशवीत टाकायला लावली. दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून बघावीत, हे मात्र त्यालाही सुचलं नाही. आपल्याकडे प्रवासाची तयारी म्हणजे बॅग.

दुपारी २:००
मुलीने तिकडून पहिल्या विमानाचं वेब चेक-इन केलं. जागा मिळाल्या, खिडकीची एक. कागदपत्रं विमानतळावर तपासली जातील, अशी बारीक अक्षरातली एक ओळ होती. ती कोण वाचतं?

संध्याकाळी ७:१५
विमान पहाटे २:३०चं, पण वाद पेटला तो निघायच्या वेळेवरून. वालीवच्या माणसाला विमान चुकण्याचं एकच कारण ठाऊक असतं: महामार्ग. चिंचोटी, मालजीपाडा, ससूनवघर, पुढे वर्सोवा पूल. एखादा ट्रेलर आडवा झाला की संपलं. काकांनी लगेच निघायचं फर्मान काढलं, आणि एरवी ते अगदी शहाणपणाचंच ठरलं असतं.

रात्री ९:२०
सहार विमानतळ. रस्ता लोण्यासारखा मोकळा. दहिसरच्या नाक्यावरच काकांनी मुलीला फोन करून टाकला, "आता काही काळजी नाही गं."

रात्री ११:१०
काउंटर. पासपोर्ट पाहून झाले, कॅनडाचा व्हिसाही.

"फ्रँकफर्टला बॅगा कुठे घेणार?"

"त्या थेट टोरांटोला जातील ना?"

नाही जाणार. तिकिटं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आपसात करार नाही. बॅगा फ्रँकफर्टच्या पट्ट्यावर येणार. तो पट्टा पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे, म्हणजे जर्मनीच्या आत. कॅनडाचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायला शेंगेनचा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. ही सवलत तिकिटं काढून देणाऱ्या एजंटने बरोबर सांगितली होती. पण बॅग घ्यायला उंबरठा ओलांडायचा, तर पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. तो नाही.

रात्री ११:४०
सुपरवायझर आले. "टिमॅटिक"मध्ये, म्हणजे कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं ते सांगणाऱ्या जगभरच्या प्रणालीत, पुन्हा पाहिलं. उत्तर तेच. कागद अपुरे असलेला प्रवासी युरोपात उतरवला तर माणशी हजारो युरोंचा दंड विमान कंपनी भरते, परतही तिलाच आणावं लागतं. त्यामुळे जर्मनीची सीमा प्रत्यक्षात अंधेरीत, पगारी कर्मचाऱ्याच्या हाती असते. ही सोय युरोपने स्वतःसाठी फार चतुराईने करून घेतली आहे. त्या काउंटरवरच्या मुलीवर ओरडून काय होणार? काका ओरडले तरीही.

रात्री १२:३०
एजंटचा फोन बंद. बॅगा इथेच सोडून हातातल्या पिशवीवर जावं का, असं काकूंनी विचारलं. सूचना मूर्खपणाची नव्हती. पण पुढच्या विमानाचे बोर्डिंग पास तिथे हातात नव्हते. ती कंपनी ऑनलाइन कागद तपासत नव्हती. सुपरवायझरने मान हलवली.

रात्री १:३०
काउंटर बंद. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे नाकारलं असतं तर भरपाई मागता आली असती. इथे कागदच अपुरे, म्हणून तीही नाही. इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत दोघं पोचलेच नाहीत.

पहाटे २:३०
विमान गेलं. आता फ्रँकफर्टला दुसऱ्या तिकिटावरही गैरहजर लागणार होते. टोरांटोहून मुलीने नवी तिकिटं शोधली, दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, बॅगा थेट. सर्वात लवकरची जागा चार दिवसांनंतरची होती, आणि डॉक्टरांनी तिला तारीख दिली होती तीन दिवसांनंतरची.