चाकांवरचं बिऱ्हाड

आमच्या बँकेत एल.एफ.सी. नावाचा एक फॉर्म असतो. बाकीचं जग त्याला एल.टी.सी. म्हणतं. बँक सहकुटुंब प्रवासाचं भाडं देते. राहायचं-खायचं ज्याचं त्यानं बघावं. त्यामुळे चार माणसांचं कुटुंब कागदावर काश्मीरला निघतं आणि हिशेब करता करता मामाच्या गावी उतरतं. हॉटेलचं बिल हा मध्यमवर्गीय बापाचा जागतिक शत्रू आहे. जर्मन बापांनी त्यावर जो उतारा शोधला, त्याचं नाव कँपर व्हॅन.

या उताऱ्याची सुरुवात एका चाबूकवाल्यापासून होते. इस्नी गावचे आरिस्ट डेथलेफ्स चाबूक आणि स्कीच्या काठ्या विकत गावोगाव हिंडत. त्यांची वाग्दत्त वधू फ्रीडेल चित्रकार. तिला त्यांच्याबरोबर हिंडायचंही होतं आणि चित्रंही काढायची होती. १९३१ साली डेथलेफ्सनी मोटारीमागे जोडायचं एक छोटंसं घरच बांधलं. चाबकांचा एवढा साठा असूनही हुकूम कुणाचा चालला, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

पण हे झालं आधीच मोटार बाळगणाऱ्यांचं. साध्या माणसाची व्हॅन जन्मली ती महायुद्धानंतर. वोल्फ्सबुर्गच्या ज्या फोक्सवागन कारखान्यातून युद्धात लष्करी गाड्या निघाल्या, तो १९४७ साली ब्रिटिशांच्या ताब्यात होता. तिथं सामान हलवायच्या सपाट गाड्या बेन पॉन या डच विक्रेत्यानं पाहिल्या आणि वहीत एक खोका रेखाटला. पुढे ड्रायव्हर, मागे इंजिन, मध्ये सगळी मोकळी जागा. १९५० साली तो खोका रस्त्यावर आला. ताकद अवघी २५ अश्वशक्ती!

ती मोकळी जागा खरं तर दुकानदाराच्या मालासाठी. वेस्टफालिया या जुन्या घोडागाडीवाल्या कंपनीनं १९५१ च्या सुमारास तिथं बसवायचं लाकडी सामान काढलं. बाकाचा बिछाना होई, कपाट, स्टोव्ह, खिडक्यांना पडदे. आणि खरी गंमत म्हणजे हे सगळं उचलून बाहेरही ठेवता येई. शनिवारपर्यंत बटाट्याची पोती, रविवारी त्याच जागी पोरं. लोक याला जर्मन बुद्धी म्हणतात. मला त्यात आपल्या चाळीतली काटकसरच दिसते.

१९६३ साली पश्चिम जर्मनीत रजेचा कायदा झाला. वर्षाला किमान १५ दिवस, पस्तिशी ओलांडलेल्याला १८. (आमच्याकडे तेवढे दिवस रजेच्या अर्जावर साहेबांची सही व्हायला लागतात.) रजा मिळाली की मोहरा इटलीकडे, उन्हाच्या ओढीनं. वाटेत आल्प्समधली ब्रेनर खिंड, सुमारे १३७० मीटर उंच. इंजिन हवेनं थंड होणारं, त्यामुळे आपल्या घाटासारखी थांबून पाणी पाजायची भानगड नाही. पण वेग असा, की मागं गाड्यांची वरात! आत पोरांचा धोशा, "आली का इटली?"

इटलीची हद्द याच खिंडीत लागे. तिथं शिपाई पासपोर्ट मागे. चाळिशीतले कित्येक बाप वीस वर्षांपूर्वी याच वाटेनं गणवेशात, लष्करी ट्रकमधून गेलेले असणार. तेव्हा पासपोर्ट कुणी विचारला नव्हता. आता मागं बायको, दोन पोरं आणि वाळूत खेळायची बादली घेऊन ते मुकाट कागद पुढे करीत. "बाबा, तुम्ही इकडे आधी आला होतात?" असं एखाद्या पोरानं विचारलंच, तर काय सांगत असतील कोण जाणे. बहुधा खिडकीबाहेरचा डोंगर दाखवत असतील.

गार्डा सरोवराकाठी गाडी लागली, की बाप खुर्ची टाकून सूर्यास्त पाहत बसे. ड्रायव्हरच्या सीटवर आडवी झोळी बांधून धाकट्याची झोपायची सोय होई. आई स्टोव्ह पेटवून घरून आणलेले बटाटे उकडायला ठेवी. घरच्या खिडकीतून एवढं पाणी दिसत नसे, एवढाच काय तो फरक. यात सुट्टी नक्की कुणाची, हे फ्रीडेलला विचारायला हवं होतं. ती निदान चित्रं तरी काढत होती.