मरणाची शिदोरी

बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरी लेणी पाहायला जाणारी मंडळी बहुधा मोठ्या चैत्यगृहापाशी डबे सोडतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. मी मात्र दर खेपेस थोडा वर चढून सत्त्याऐंशी क्रमांकाच्या लेण्यापाशी जातो. तिथे कड्याच्या पोटात एक लांबट खोबण आहे. तीत विटांचे लहान लहान स्तूप ओळीने उभे होते. आता बहुतेकांचे नुसते तळ उरले आहेत. ही भिक्षूंची स्मशानभूमी. अभ्यासक तिला ‘निर्वाणवीथी’ म्हणतात. 1970 नंतरच्या दशकात डॉ. शोभना गोखले यांनी इथले स्मृतिलेख वाचले, तेव्हा कुठे या विटांना त्या स्थविरांची नावे परत मिळाली.

मरणाची गोष्ट निघाली की आपल्याला आधी इजिप्त आठवते. आठवणारच! तूतनखामेनच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्यांतून हॉवर्ड कार्टरला 143 वस्तू मिळाल्या. त्यांत दागिने होते तसे ताईतही होते. हृदयावर ठेवायच्या दगडी भुंग्यावर तर मंत्र कोरीत: ‘हे हृदया, न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.’ स्वतःच्याच काळजाची एवढी धास्ती! देह टिकला तर माणूस टिकला, असा त्यांचा हिशेब.

कान्हेरीच्या भिक्षूंचा हिशेब याच्या अगदी उलटा. सर्व काही अनित्य, देहाचे काय घेऊन बसलात? तरीही 1839 मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी मोठ्या चैत्यगृहासमोरचा एक स्तूप खणला, तेव्हा दगडातल्या खळग्यात तांब्याच्या दोन कुप्या निघाल्या. एकीत राखेबरोबर एक माणिक, एक मोती, सोन्याचे बारीक तुकडे आणि सोन्याची इवलीशी डबी होती. डबीत कापडाचा तुकडा. दुसरीत राख आणि चांदीची डबी. अनित्यता शिकवणाऱ्यांनाही आपल्या पूज्यांना रिकाम्या हाताने निरोप देववला नाही, हे वाचून मला तरी बरे वाटले.

याहून जुनी गोष्ट प्रवराकाठची. नेवाशाला डॉ. सांकलियांच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मुलांची दफने सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यांत मूल ठेवून, घराच्याच जमिनीखाली पुरीत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडल्याचेही आढळते. मेलेला परत येऊ नये म्हणून, असा तर्क आहे. मुलाला मात्र घराबाहेर काढवत नसे. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे तिचा सुती-रेशमी दोरासुद्धा टिकून राहिला. ती माळ ताईत की नुसता दागिना, हे कोण सांगणार? पण आपल्या घरात बाळाच्या मनगटात काळे मणी ओवणाऱ्या आजीला विचारा. ती क्षणभरही अडखळणार नाही.

आता बर्डसाहेबांच्या स्तूपाचे राहिले. कुप्यांबरोबर तिथे ताम्रलेखही मिळाला होता. त्रैकूटक राजांचे वर्ष 245, म्हणजे इ. स. 494 च्या सुमारास, सिंधुदेशच्या बुद्धरुचीने बुद्धाचा पट्टशिष्य शारद्वतीपुत्र याच्यासाठी घडीव दगडविटांचा तो चैत्य उभारला होता, आणि समुद्र व मेरू आहेत तोवर तो टिको, अशी इच्छा कोरून ठेवली होती. समुद्र अजून आहे. स्वच्छ दिवशी डोंगरावरून दिसतोही. चैत्य खणला गेला, आणि मूळ ताम्रलेखही पुढे हरवला. आज आपण वाचतो तो बर्डने छापलेल्या नकलेवरून.